कित्ता गिरवणं आणि वाट पुसणं

एखादी नवी फँटसी कादंबरी गाजू लागली की थोड्याच दिवसांत तिची झडती सुरू होते. हा दाढीवाला जादूगार तिथला, ही शापित तलवार त्या दुसऱ्या मालिकेतली, गादीचा अज्ञात वारस तर पहिल्यापासून सगळ्यांचाच. दोन रकाने आखले जातात, डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं. रकाने पुरेसे लांबले की निकाल लागतो: उचलेगिरी. मग चाहते धावून येतात आणि म्हणतात, ही चोरी कसली, ही तर मानवंदना! दोन्ही बाजू त्वेषाने भांडतात, पण दोघांच्या मनातलं गृहीत एकच असतं. प्रभाव म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात नेलेलं सामान. ते किती नेलं आणि सांगून नेलं की न सांगता, एवढाच काय तो प्रश्न. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. पूर्वसूरींकडून किती घेतलं यावरून अद्भुतकथेबद्दल फारसं काही ठरत नाही. घेणाऱ्याने त्या लेखकाला वाचलं कसं, यावरून जवळजवळ सगळं ठरतं. काही जण आवडत्या लेखकाचा कित्ता गिरवतात आणि काही जण त्याला वाट विचारतात. ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ आपण निघालो आहोत, असं ज्ञानेश्वर म्हणतात. वाट पुसणारा दुसऱ्याचं ऋण मोकळेपणाने मान्य करतो, पण चालतो स्वतःच्या पायांनी, आणि पोचतो तिथे वाट सांगणारा कदाचित कधी गेलेलाही नसतो.

फँटसीच्या बाबतीत हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे, कारण या लेखकाची अडचण इतरांहून वेगळी असते. वास्तववादी कादंबरीकाराने आवडत्या लेखकाची नक्कल केली, तर आजूबाजूचं जग त्याला दुरुस्त करू शकतं. माणसं अशी बोलत नाहीत, कचेऱ्या अशा चालत नाहीत, हे त्याला पाहून कळतं. ड्रॅगन कुठे पाहायचा? तो आधीच्या पुस्तकांतच राहतो. म्हणजे प्रत्येक ड्रॅगन वाचनातूनच येणार. मग ‘हा ड्रॅगन कुठेतरी वाचलेला आहे’ हा आरोप नेमका कशाबद्दलचा?

ज्याच्या मालमत्तेवरून बहुतेक खटले चालतात, त्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लेखकाचं, टोल्कीनचंच, उदाहरण घेऊ. ‘द हॉबिट’ 1937 साली आलं. त्यातल्या बहुतेक बुटक्यांची नावं, आणि खुद्द गँडाल्फचंही नाव, ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून आलेली आहेत. झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरीला जातो आणि ड्रॅगन चवताळून उठतो, हा प्रसंग ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात आहे, त्या काव्यावर टोल्कीनने 1936 साली दिलेलं व्याख्यान आजही अभ्यासलं जातं. त्याचा अभागी नायक तुरिन आपल्या तलवारीला विचारतो, तू माझं रक्त पिशील का? तलवार उत्तर देते. हा संवाद ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातल्या कुल्लेर्वोचा आहे. दोन रकान्यांची कसोटी लावली, तर फँटसीच्या या आद्य मालकाच्या घरातच बाहेरचं सामान खच्चून भरलेलं सापडेल.

यावर कोणी म्हणेल, ही तर प्राचीन काव्यं, ती सर्वांचीच. ठीक. पण इंग्रज लेखक विल्यम मॉरिस प्राचीन नव्हता, आणि टोल्कीनने त्याच्याकडूनही घेतलं. टोल्कीनच्या जन्मानंतर चार वर्षांनी, 1896 साली, तो वारला. 1914 साली विद्यार्थी टोल्कीनला महाविद्यालयात एक पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या पैशांतून त्याने मॉरिसची पुस्तकं घेतली. त्यात ‘द हाउस ऑफ द वुल्फिंग्ज’ होतं, आणि पुढे टोल्कीनच्या अरण्याला मिळालेलं ‘मर्कवुड’ हे नावही त्यात होतं. पुढे 1960 सालच्या एका पत्रात टोल्कीनने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या मृतांच्या दलदलीबद्दल लिहिलं. पाण्याखाली मेलेल्या योद्ध्यांचे चेहरे दिसतात, तो प्रसंग. टोल्कीन स्वतः 1916 साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत होता, तेव्हा हे चेहरे त्याने खंदकांत पाहिले असणार, असं आपण सहज धरून चालतो. तो म्हणतो, त्या दलदलीवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण आहे, पण मॉरिसचं आणि त्याच्या हूण-रोमनांच्या कथांचं त्याहून अधिक. प्रत्यक्ष रणभूमीपेक्षा पुस्तकाचं ऋण मोठं! हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. अनुभव खरा आणि वाचन उसनं, अशी जी वाटणी आपण करतो, ती लेखकाच्या मनात होतच नाही. भयानक दृश्य डोळ्यांपुढे आलं, पण ते पाहायचं कसं, त्याला कथेत जागा कुठे द्यायची, हे त्याने आधी मॉरिसकडून शिकून ठेवलं होतं. मॉरिस मी टोल्कीननंतर वाचला. काही पानं वाचताना आपण ओळखीच्या प्रदेशात उलट्या दिशेने शिरतो आहोत असं वाटत राहिलं. त्यामुळे टोल्कीन लहान झाला नाही. मॉरिसच्या संथ वाक्यांत काय दडलेलं होतं, ते मात्र मला पहिल्यांदा दिसलं.

विरोधी पक्षाचं सगळ्यात भक्कम म्हणणं आता मांडायला हवं, कारण ते खरं आहे. कौतुकातून निर्जीव नकलाही निघतात, आणि बाजार त्या मुद्दाम मागवतो. 1977 साली टेरी ब्रुक्सची ‘द सोर्ड ऑफ शनारा’ आली. शांत खोऱ्यातला साधा तरुण, त्याला शोधत येणारा गूढ ज्ञानी पुरुष, काळ्या स्वामीचे पाठलाग करणारे दूत, एल्फ आणि बुटक्यांसह निघालेली तुकडी. टोल्कीन वाचलेल्याला पुढचं पान उलटण्याआधीच कळावं इतकं साम्य. ब्रुक्सने टोल्कीनचं ऋण कधी लपवलं नाही. पुस्तक प्रचंड खपलं आणि प्रकाशकांना धडा मिळाला: वाचकाला नवं जग नको आहे, तेच जग पुन्हा हवं आहे. पुढची कित्येक वर्षं नकाशा, बुटके, भविष्यवाणी आणि तीन खंड यांचा साचा चालू राहिला. ज्यांना फँटसीवर प्रेम होतं, त्यांनी याबद्दल चिडणं योग्यच होतं, आणि त्या चिडीतूनच आजची संशयाची सवय लागली.

पण चूक नेमकी कुठे झाली? टोल्कीनकडून घेतलं, ही चूक नव्हती. फक्त टोल्कीनकडून घेतलं, आणि त्याच्या पुस्तकातून केवळ घटनाक्रम घेतला, ही होती. टोल्कीनच्या नजरेसमोर ‘व्होलुस्पा’, ‘बेओवुल्फ’, ‘कालेवाला’, मॉरिस आणि स्वतः रचलेल्या भाषा होत्या. त्याच्या अनुकरणकर्त्यांसमोर टोल्कीन होता. त्याने जिथून पाणी भरलं त्या विहिरीपर्यंत ते गेलेच नाहीत; त्याच्या घागरीतून आपली घागर भरून घेतली.

हा फरक एकाच लेखकाच्या आयुष्यात पाहायचा असेल, तर गाय गॅव्रिएल के याच्याकडे पाहावं. टोल्कीनच्या मृत्यूनंतर त्याच्या अपुऱ्या कागदांतून ‘द सिल्मरिलियन’ हा त्याच्या जगाच्या पुराणकथांचा ग्रंथ सिद्ध करायचं काम त्याचा मुलगा ख्रिस्तोफर करत होता. 1974-75 मध्ये त्याच्या मदतीला हा तरुण कॅनडातून गेला. गुरूच्या हस्ताक्षराच्या इतकं जवळ फार थोडे लेखक बसले असतील. त्यानंतर 1984 ते 1986 या काळात आलेल्या त्याच्या ‘फिओनावार’ त्रयीत काळा स्वामी आहे, एल्फांसारखे प्रकाशाचे लोक आहेत, बुटके आहेत, आणि आर्थर राजाच्या कथाही आहेत. रकाने आखणाऱ्याला इथे पोटभर सामग्री मिळते. मग 1990 साली ‘टिगाना’ आली. तिच्यात एल्फ नाहीत, बुटके नाहीत, अंगठी नाही. प्रदेश प्रबोधनकाळच्या इटलीवर बेतलेला. एक जादूगार-राजा मुलाच्या मृत्यूचा सूड म्हणून जिंकलेल्या प्रांताचं नावच जगातून पुसून टाकतो. तिथे जन्मलेल्यांखेरीज कोणालाही ते नाव ऐकूच येत नाही. उच्चारलं तरी समोरच्याच्या कानात पोकळी उरते, आणि ती पिढी संपली की तो प्रांत होता हेही कोणाला कळणार नाही.

माझ्या मते केच्या पुस्तकांत टोल्कीनचा सर्वांत खोल प्रभाव ‘टिगाना’वर आहे. टोल्कीनच्या जगाचा गाभा काय? आधी नावं आणि भाषा, मग त्या बोलणाऱ्यांसाठी जग. आणि जे सुंदर होतं ते जातंय, त्याचा सलणारा शोक. केने बाकी सगळी सजावट टाकून दिली आणि हा गाभा उचलला. त्याच्या हाती नाव हेच रणक्षेत्र झालं. दोन रकान्यांची पद्धत ‘फिओनावार’ला पकडेल आणि ‘टिगाना’ला निर्दोष सोडेल. ज्या कसोटीला सगळ्यात खरा प्रभाव दिसतच नाही, तिच्यावर विसंबून आपण निकाल का द्यावेत?

आपल्याकडे याहून बारीक मोजमाप हजार वर्षांपूर्वीच झालं होतं आणि आपण ते विसरलो, याचं मला वाईट वाटतं. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात, म्हणजे प्रकरणात, कवींमधल्या साम्याचे तीन प्रकार सांगितले. आरशातल्या प्रतिबिंबासारखं साम्य, त्याला स्वतःचा प्राण नसतो. चित्रासारखं साम्य, त्याचा प्राण तुच्छ. आणि दोन सारख्या देहाच्या माणसांसारखं साम्य, जिथे प्रत्येकाला आपापला आत्मा असतो. पहिली दोन टाळावीत, तिसऱ्याला हरकत नाही. सुंदर मुखाला चंद्राची छटा असते म्हणून ते कमी सुंदर ठरत नाही, असं तो म्हणतो. त्यानंतरच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हरणावर, म्हणजे दुसऱ्याच्या काव्यातून उचलण्यावर, अध्यायच लिहिले. ‘नास्त्यचौरः कविजनः’, चोर नाही असा कवी नाही, हे त्याचं वचन पुष्कळांना ठाऊक असतं आणि ते थट्टेवारी नेलं जातं. पण त्याचं वर्गीकरण गंभीर आहे. आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत त्याने चौथा घातला: परपुरप्रवेश, म्हणजे दुसऱ्याच्या देहात शिरावं तसा. मूळ एकच, पण रचना फार दूरची. ‘टिगाना’साठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

मराठीत आपण ज्या प्रकाराला कादंबरी म्हणतो, तो शब्दही एका अद्भुतकथेचं आणि तिच्या नायिकेचं नाव आहे. बाणभट्टाने तिचं कथाबीज गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’च्या परंपरेतून घेतलं. ‘हर्षचरिता’च्या आरंभी त्याने व्यास, भास, कालिदास यांच्यासह ‘बृहत्कथे’लाही वंदन केलं आहे. तीच परंपरा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त आणली आणि सांगून टाकलं, ‘यथा मूलं तथैवैतत्’, जसं मूळ तसंच हे. एका स्रोतापाशी दोघे आले. एकाने मुळाशी इमान राखून कथांचा समुद्र भरला, दुसऱ्याने त्यातल्या एका ओंजळीतून जन्मांतराच्या प्रेमाचा प्रासाद उभा केला. आणि तो प्रासाद अपुरा राहिला तेव्हा बाणाच्या मुलाने तो पुरा केला, ‘द सिल्मरिलियन’ सिद्ध करणाऱ्या ख्रिस्तोफरसारखाच. यांत चोर कोण आणि अस्सल कोण?

दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा जड आहे. तो म्हणतो, साहित्यिक कौतुकाबरोबर विषही पुढच्या पिढीत जातं. आवडत्या लेखकाच्या जगात कोणाला माणूस मानलं आहे आणि कोणाला राक्षस, हे त्याच्या शैलीसोबत नकळत झिरपतं. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांतलं भय आणि त्याचा वंशद्वेष वेगळे काढता येत नाहीत. 1927 साली छापून आलेली ‘द हॉरर अ‍ॅट रेड हूक’ वाचताना स्थलांतरितांबद्दलची किळस हेच कथेचं इंधन आहे हे लपत नाही. जागतिक फँटसी पुरस्काराचं मानचिन्ह म्हणून अनेक वर्षं त्याच लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा दिला जात होता. ज्यांच्या वंशाबद्दल त्याने असं लिहिलं, त्यांनाही तो पुतळा घरी न्यावा लागला. 2015 मध्ये तो बदलायचं ठरलं. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो.

पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? अशा लेखकाचा प्रभाव झटकून टाकावा? व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने 2016 साली ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ लिहिलं. ते थेट ‘रेड हूक’वर रचलेलं आहे, फक्त केंद्रस्थानी न्यूयॉर्कमधला एक काळा तरुण आहे. मूळ कथेने ज्या वस्तीकडे किळसून पाहिलं, तिच्या आतून ही कथा बाहेर बघते. अर्पणपत्रिकेत लव्हक्राफ्टचं नाव आहे, आणि त्यापुढे आपल्या परस्परविरोधी भावनांचा उल्लेख. लहानपणी ज्याने झपाटलं त्याच्याशी हा हिशेब आहे. बाहेरून लिहिलेली कोणतीही टीका लव्हक्राफ्टच्या भयाच्या यंत्रात इतकी आत शिरू शकली नसती. प्रेमात पडलेल्या वाचकालाच ती कळ कुठे आहे हे ठाऊक असतं. विरोधसुद्धा प्रभावाचाच प्रकार असतो, आणि पुष्कळदा अनुकरणापेक्षा जास्त टिकाऊ. कादंबरीकार फिलिप पुलमनला सी. एस. लुईसच्या नार्नियाचा, जिथे मुलं कपाटातून शिरतात त्या जगाचा, तिटकारा आहे हे त्याने वारंवार सांगितलंय; तरी त्याची नायिका लायरा पहिल्याच प्रकरणात कपाटात लपते आणि तिथून तिचं आयुष्य बदलतं. ज्या मिल्टनच्या महाकाव्यातून त्याने आपल्या त्रयीचं नाव घेतलं, त्याचं ऋण मात्र तो शेवटच्या खंडात नाव घेऊन मान्य करतो.

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनने तर हा हिशेब स्वतःशीच केला. 1968 साली तिने ‘अर्थसी’ या आपल्या फँटसी मालिकेचा पहिला खंड लिहिला, तेव्हा नायकाची कातडी तांबूस-तपकिरी ठेवून गोऱ्या वीरांची परंपरा मोडली. पण जादूगार पुरुषच असणार, हा वारसा तिने न तपासता घेतला होता. 1990 मध्ये ‘टेहानू’त ती त्याच जगात परत आली आणि सत्ता गेलेल्या जादूगाराला स्वयंपाकघरात, एका विधवेच्या आणि भाजलेल्या पोरीच्या शेजारी आणून बसवलं. पूर्वसूरींच्या पंक्तीत आता तिची स्वतःची आधीची पुस्तकंही होती.

तिच्याकडूनच तिसरा मुद्दा येतो, आणि इथे मला माझ्या पक्षाला थोडी लगाम घालावी लागते. प्रभाव सुखाचा नसतो; तो गुदमरवूही शकतो. ले ग्विनने 1973 सालच्या एका निबंधात नवशिक्या फँटसी-लेखकांना लॉर्ड डन्सेनी या जुन्या अद्भुतकथाकारापासून सावध केलं होतं. त्याची झुलती, पुराणवाणीची भाषा इतकी मोहक की तरुण लेखक तिच्यात बुडून जातो. टोल्कीन आपल्या हाती लहानपणी पडला नाही, विशीत पडला, याचं तिला बरं वाटत असे. आधी आला असता तर आपला आवाज सापडणं कठीण झालं असतं. लव्हक्राफ्टही या संकटातून गेला. 1919 साली त्याने बोस्टनमध्ये डन्सेनीला प्रत्यक्ष ऐकलं आणि काही वर्षं डन्सेनीच्या छायेतच लिहिलं. दहा वर्षांनी एका पत्रात त्याने खंत केली: माझ्या काही कथा एडगर अ‍ॅलन पो-च्या आहेत, काही डन्सेनीच्या, पण माझ्या स्वतःच्या कुठे आहेत? ही खंत वाचून वाईट वाटतं, कारण तोवर त्याच्या ‘स्वतःच्या’ कथा छापून आल्या होत्या. त्यालाच त्या दिसत नव्हत्या. डन्सेनीने ग्रंथातल्या दैवतांसारखी स्वतःची दैवतं निर्माण केली होती. लव्हक्राफ्टने ती युक्ती घेतली आणि माणसाची दखलही न घेणारी दैवतं घडवली. मधली गिरवण्याची वर्षं वगळून तो तिथे पोचला असता, असं मला वाटत नाही. कित्ता गिरवणं ही पायरी आहे. तिथेच घर बांधणाऱ्याबद्दल मात्र तक्रार करावी.

सी. एस. लुईसने या पायरीची कधी लाज बाळगली नाही. 1916 साली रेल्वे स्थानकावरच्या स्टॉलवर त्याला जॉर्ज मॅकडोनल्ड या आधीच्या पिढीतल्या अद्भुतकथाकाराचं ‘फँटास्टीज’ मिळालं, आणि पुढे जन्मभर तो मॅकडोनल्डला आपला गुरू म्हणत राहिला. टोल्कीनचं मॅकडोनल्डशी नातं एवढं सरळ नव्हतं. आपल्या गॉब्लिनांवर, म्हणजे दुष्ट राक्षसांवर, मॅकडोनल्डच्या गॉब्लिनांचं ऋण आहे हे त्याने 1954 च्या पत्रात मान्य केलं. फक्त त्यांचे पाय मऊ असतात, हे आपल्याला कधी पटलं नाही, असंही लिहिलं. एकाच माणसाचे दोन वाचक आणि ते एकमेकांचे मित्रही. एकाने त्याच्यापुढे मान तुकवली, दुसऱ्याने त्याच्या राक्षसांचे पाय तपासले.

1964 च्या सुमारास एका प्रकाशकाने टोल्कीनला मॅकडोनल्डच्या ‘द गोल्डन की’ला प्रस्तावना लिहायला सांगितलं. त्याने कबूल केलं, पुस्तक पुन्हा उघडलं, आणि ते आता आवडत नाही असं त्याच्या लक्षात आलं. परीलोक म्हणजे काय, हे समजावण्यासाठी त्याने प्रस्तावनेत एक उदाहरण सुरू केलं: एक आचारी मुलांसाठी केक करतो आणि मुलांना काय, गोड असलं की झालं, असं समजतो. उदाहरण लांबत गेलं. प्रस्तावना कधीच पुरी झाली नाही, आणि 1967 साली ‘स्मिथ ऑफ वूटन मेजर’ ही छोटी कथा आली. त्यात नोक्स नावाचा अडाणी आचारी केकवर साखरेची परी बसवतो आणि परी म्हणजे एवढंच, असं मानतो. त्या केकमध्ये एक जुना तारा गेलेला असतो, आधीच्या आचाऱ्याने परीलोकातून आणलेला. तो एका लहान मुलाच्या पोटात जातो. मुलगा मोठा होतो, लोहार होतो, आणि त्या ताऱ्याच्या बळावर वर्षानुवर्षं परीलोकात जाऊन येतो. मग एक दिवस त्याला सांगितलं जातं की तारा आता परत द्यावा लागेल, पुढच्या केकसाठी. तो जड मनाने देतो. कोणत्या मुलाला मिळावा हे तूच सांग, असं त्याला म्हटलं जातं, तेव्हा तो त्याच नोक्सच्या नात्यातल्या एका लहानग्याचं नाव घेतो.